लस देणाऱ्या देशाचा शब्द : जिनिव्हात वाटाघाटीला बसलेल्या भारतीय शिष्टमंडळास खुले पत्र

डिसेंबर २०२५

माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, जागतिक आरोग्य संघटनेच्या महासाथ कराराच्या ज्या परिशिष्टावर, म्हणजे रोगजंतूंचे नमुने आणि त्यांतून बनणाऱ्या लसी-औषधांच्या वाटणीवर, आपण सध्या जिनिव्हात बोलत आहात, ते येत्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेपुढे जायचे आहे. त्याआधी एका निवृत्त औषधनिर्माण अधिकारी बाईचे म्हणणे आपल्या कानावर घालावे असे मनात आले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी एकतीस वर्षे काढली. औषधांची खोली, साठ्याची वही आणि लसींचा फ्रीज माझ्या ताब्यात असे. आंतरराष्ट्रीय राजकारण आमच्याकडे खोक्यांतून यायचे. कधी खोके यायचे, कधी नुसता निरोप यायचा की खोके येणार नाही.

लसींचा फ्रीज वरून उघडतो. आत कडेने बर्फाचे अस्तर असते. सकाळ-संध्याकाळ त्याचे तापमान बघून वहीत लिहायचे. दोन अंशांच्या खाली नाही, आठच्या वर नाही. ज्या दिवशी लस उपकेंद्रावर जायची, त्या दिवशी आइस पॅक आधी बाहेर काढून ठेवायचे आणि थोड्या वेळाने कानाशी धरून हलवायचे. आत पाणी खळखळले की मगच ते डब्यात लावायचे, कारण अगदी कडक बर्फ लागला तर काही लसी गोठून वाया जातात. नव्या सिस्टर यायच्या, त्यांना मी पहिल्यांदा हा आवाज ऐकायला शिकवत असे.

एप्रिल २०२१ मध्ये आइस पॅक तयार होते, सिस्टर तयार होत्या, अंगणात मंडप होता आणि फ्रीजमध्ये कोविशिल्डची एकही कुपी नव्हती. वाडीवरून सात किलोमीटर चालत येणारी, साठी उलटलेली एक बाई होती. मार्चमध्ये तिने पहिला डोस आमच्याकडेच घेतला होता. दुसऱ्यासाठी ती तीनदा येऊन गेली. तिसऱ्या खेपेला तिने मला फ्रीज उघडून दाखवायला लावला. मी झाकण उचलले. तिने आत वाकून पाहिले, तळाशी बालकांच्या लसींचे डबे होते, तेवढेच. काही न बोलता ती पायरीवर जाऊन बसली. १३ मे रोजी दोन डोसांमधले अंतर बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. त्याला शास्त्रीय आधार होता आणि तो मी तिला समजावून सांगितला. ती म्हणाली, "लस नाही म्हणून अंतर वाढवलं, व्हय ताई?" त्यावर काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही.

त्या रिकाम्या फ्रीजच्या दोन महिने आधी, २४ फेब्रुवारीला, घानाच्या आक्रा शहरात एक विमान उतरले होते. गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून काढलेल्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेतून परदेशात पोचलेली ती पहिली खेप, सहा लाख डोसांची, आणि सगळे डोस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेले. टीव्हीवर ती खोकी उतरताना पाहिली. त्या दिवशी आमच्या फ्रीजमध्येही पुण्याचीच लस होती. मला फार अभिमान वाटला आणि तो आजही आहे. पण मार्च संपता संपता आपली निर्यात जवळजवळ बंद झाली आणि कोव्हॅक्सच्या खेपा पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. आफ्रिकेतल्या कुठल्यातरी केंद्रात माझ्यासारखीच कोणीतरी त्या आठ महिन्यांत रिकाम्या फ्रीजचे तापमान वहीत लिहीत असणार. तिच्याही पायरीवर पहिला डोस घेतलेली कोणी बाई बसली असणार.

मला आपल्याशी या दोन फ्रीजबद्दल बोलायचे आहे. जगातल्या बहुतेक देशांना यांपैकी एकच ठाऊक आहे. आपल्याला दोन्ही ठाऊक आहेत.

या टेबलावर आपला देश नवा नाही, आपली खुर्ची तेवढी नवी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. त्यांनी ते उघडपणे सांगितले, तेव्हा ते ऐकायची कोणाची फारशी तयारी नव्हती, कारण बंदर बंद पडले तर कापसाचे काय, ही चिंता मोठी होती. पुढच्या फेब्रुवारीत युरोपातल्या राष्ट्रांनी व्हेनिसला परिषद भरवली. अशा परिषदा १८५१ पासून चालू होत्या. पहिल्या पॅरिस परिषदेला बारा राष्ट्रांनी प्रत्येकी एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी पाठवला होता, आणि त्यांच्यातला वाद साधारण हाच असे की पूर्वेकडची साथ युरोपात येऊ द्यायची नाही, पण व्यापाराला धक्काही लागू द्यायचा नाही. व्हेनिसला हिंदुस्थानच्या वतीने बोलायला इंग्रज सरकार होते. बोटी अडकू नयेत यासाठी इथल्या माणसांची झडती घ्यायची, असा सौदा झाला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला होताच. प्रवाशांची तपासणी, घरांची झडती, रोग्यांना वेगळे काढणे, मुंबईहून हजला जाणाऱ्या बोटी बंद, हे सगळे ओघाने आले.

१० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या वस्तीतून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या होत्या. व्हेनिसची परिषद त्या दिवशी चालूच होती, ती १९ मार्चला संपली. ज्या बाईने रोग्याला पाठीवर घेतले तिचा त्या सभागृहाशी काही संबंध नव्हता, आणि त्या सभागृहात ठरलेले सगळे मात्र तिच्या शहरावर येऊन आदळले. पुढे रँडसाहेबाच्या झडत्या आणि २२ जूनची गणेशखिंड, हा इतिहास आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्याची एक दोरी व्हेनिसला बांधलेली होती, एवढे मात्र शाळेत कोणी सांगितले नव्हते. आणि तो चार कलमांचा कायदा? मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच लागू केला. आमच्या केंद्रात त्याची प्रत भिंतीवर चिकटवली होती. वर १८९७ साल पाहून माझी नात म्हणाली, आजी, हे चुकून छापलंय.

व्हिएगसांची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. जो आधी सांगतो त्यालाच शिक्षा होते, हा नियम सव्वाशे वर्षांत बदललेला नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली. बळी पन्नास-साठच्या आसपास, पण अनेक देशांनी भारताशी विमानसेवा तोडली आणि आपला माल घ्यायचे नाकारले. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी विषाणूचा नवा प्रकार शोधला, २४ तारखेला जगाला कळवला आणि दोन दिवसांत त्यांच्या विमानांवर बंदी आली. ओमायक्रॉन तोवर इतर खंडांत पोचलेला होता. सार्सनंतर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम नव्याने लिहिले गेले आणि कळवणे हे प्रत्येक देशाचे बंधनकारक कर्तव्य ठरले. कळवणाऱ्याला सांभाळणे मात्र कोणाचेच कर्तव्य ठरले नाही.

आता परिशिष्टाकडे येते. हे पत्र माझ्यासारखे इतर कर्मचारीही वाचतील, म्हणून थोडे सोपे करून लिहिते. करार २० मे २०२५ रोजी मंजूर झाला. आदल्या दिवशी समितीत १२४ देश बाजूने होते, ११ तटस्थ, विरोधात कोणी नाही. पण त्याचा कणा अजून बसवायचा आहे. रोगजंतूचा नमुना आणि त्याची जनुकीय माहिती ज्या देशाने दिली, त्याला त्यातून बनलेल्या लसीतला, औषधातला वाटा कसा मिळणार, हे परिशिष्टात ठरायचे आहे. करार म्हणतो की महासाथीत सहभागी कंपन्यांनी तयार होणाऱ्या मालातला वीस टक्के वाटा जागतिक आरोग्य संघटनेसाठी राखावा, त्यात निदान एकूण मालाच्या दहा टक्के फुकट आणि उरलेला परवडेल अशा दरात. परिशिष्ट मंजूर झाले की करार सह्यांसाठी खुला होईल, आणि साठ देशांनी तो स्वीकारल्यावर अमलात येईल.

हा वाद कुठून आला हे इंडोनेशियाने दाखवले होते. २००७ च्या सुमारास त्या देशाच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी बर्ड फ्लूचे नमुने बाहेर द्यायला नकार दिला. त्यांच्याच देशातल्या विषाणूवरून परदेशी कंपनी लस बनवत होती आणि ती लस विकत घेण्याची त्यांच्या देशाची ऐपत नव्हती. तेव्हा त्यांच्यावर खूप टीका झाली. पण त्या अडून बसल्या म्हणूनच २०११ मध्ये इन्फ्लुएंझासाठी एक चौकट झाली. नमुने वापरणाऱ्या कंपन्यांनी करारावर सही करायची, खर्चाचा भार उचलायचा आणि साथ आली की लसीचा वाटा द्यायचा. आज तशी अडवणूक करता येणार नाही, आणि बदल नेमका इथे आहे. जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या झांग योंगझेन यांच्या गटाने कोरोनाचा जनुकीय क्रम संकेतस्थळावर टाकला आणि जगभरच्या प्रयोगशाळा काही दिवसांत लसीच्या आराखड्याला लागल्या. नमुन्याची कुपी विमानातून न्यावी लागली नाही. अक्षरांची एक रांग पुरली. ती अक्षरे कोणी उतरवून घेतली, त्याची नोंद राहिली नाही तर वाटा मागायचा कोणाकडे?

म्हणून माझी पहिली विनंती नोंदवहीची आहे. आमच्या केंद्रात एक कुपी उघडली तरी तिचा बॅच क्रमांक, उघडल्याची वेळ आणि ती कोणाकोणाला टोचली हे लिहावे लागते. दहा डोसांची कुपी, उघडल्यावर चार तासांत संपवायची, उरलेले डोस का वाया गेले त्याचेही कारण द्यायचे. वाडीवरच्या सिस्टरकडून जेवढा हिशेब घेतला जातो, तेवढा जनुकीय माहिती उतरवून घेणाऱ्या कंपनीकडून घ्यायला काय हरकत आहे? वापरणाऱ्याने नाव नोंदवावे आणि साथ येण्याआधीच बंधनकारक करारावर सही करावी. साथ आल्यावर घासाघीस सुरू झाली की काय होते ते आपण पाहिले आहे.

दुसरी गोष्ट सांगण्याआधी मला वडिलांविषयी लिहायचे आहे. ते देवी काढायचे. गावोगाव त्यांना 'देवीचे डॉक्टर' म्हणत, डॉक्टर नव्हते तरी. दोन टोकांच्या सुईवर लशीचा थेंब घेऊन दंडावर पंधरा टोचे मारायचे. १९७४-७५ मध्ये त्यांनी आमच्या तालुक्यातले एकही घर सोडले नाही. हातात देवी आलेल्या बाळाचे छायाचित्र असलेले कार्ड, दारोदार तेच विचारायचे, असे कोणी दिसले का? भिंतींवर रंगवलेले असे की देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा. (आमच्या गावात कोणालाच ते मिळाले नाहीत, आणि वडील म्हणायचे की एवढे चांगले नुकसान गावाचे कधी झाले नव्हते.) देवी निर्मूलनाचा प्रस्ताव १९५८ मध्ये सोव्हिएत संघाचे उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी मांडला. १९६७ पासूनच्या जागतिक मोहिमेचे प्रमुख अमेरिकेचे डी. ए. हेंडरसन होते. शीतयुद्ध ऐन भरात होते, दोन्ही देश एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून होते, आणि सोव्हिएत लसीचे कोट्यवधी डोस भारतात येत होते. वडील सांगायचे, लस रशियाची, साहेब अमेरिकेचा, पाय आमचे. भारतातली शेवटची रुग्ण मे १९७५ मध्ये सापडली. ८ मे १९८० रोजी जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले.

तो काळ आणि आजचा काळ यांत काय पालटले ते आपण रोज पाहता. अमेरिकेने यंदा जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची नोटीस दिली आणि येत्या २२ जानेवारीला तिला वर्ष होईल. सर्वांत मोठा वर्गणीदार गेल्याने संघटनेने २०२६-२७ च्या नियोजित खर्चाला एक पंचमांशाहून जास्त कात्री लावली. अर्जेंटिनानेही बाहेर पडायचे ठरवले. तेव्हाची दोन भांडणारी घरे निदान एका विहिरीवर पाणी भरत होती. आता एक घर विहीरच सोडून चालले आहे. या मोकळ्या झालेल्या जागेत भारताचा शब्द पूर्वीपेक्षा जड झाला आहे, आणि म्हणूनच हे पत्र तुम्हाला आहे.

आमच्या जिल्ह्यात जामखेड आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केले. निरक्षर, बहुतेक दलित समाजातल्या बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या बनवले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दखल घेतली, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत कझाकस्तानातल्या अल्मा-आटा येथे १३४ देशांनी 'इसवी सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य' असे जाहीर केले, तेव्हा त्या विचारात जामखेडच्या पायवाटांचाही हिस्सा होता. मी नोकरीत लागले तेव्हा एका वयस्कर कार्यकर्तीने मला सांगितले होते की पोरी, बाळाला जुलाब झाले तर औषधाच्या आधी विहीर बघ. अल्मा-आटाचा जाहीरनामा तिने वाचलेला नव्हता, तिला तो आतून ठाऊक होता. पण जाहीरनाम्याला वर्ष होत नाही तोच मोठ्या देणगीदारांनी म्हटले की सगळे कुठे जमणार, निवडक तेवढे करू. लस, मीठ-साखर-पाणी, स्तनपान. या गोष्टींनी लाखो मुले वाचली, मी स्वतः ती पाकिटे आयुष्यभर वाटली, त्यांना मी नाव ठेवणार नाही. तरी विहीर, जमीन, मजुरी, जात हे सगळे त्या यादीतून बाहेर गेले.

महागडे वाक्य आधी गळते. आंतरराष्ट्रीय कागदांतली ही एक सवय मला सगळीकडे दिसते. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की साथ असेपर्यंत कोविडच्या लसी, औषधे आणि तपासण्या यांवरचे बौद्धिक संपदेचे हक्क बाजूला ठेवा. जून २०२२ मध्ये निर्णय झाला तेव्हा त्यात फक्त लस उरली होती. औषधे आणि तपासण्या गळाल्या, आणि वीस महिने गेले ते वेगळेच. आपण तेव्हा या मागणीच्या अग्रभागी होतो. आता परिशिष्टाच्या मसुद्यात रात्री दोन वाजता कोणते वाक्य गळते आहे, यावर कृपा करून डोळा ठेवा. ते नोंदणीचे असेल, बंधनाचे असेल किंवा तंत्रज्ञान देण्याचे असेल.

अडून बसून उपयोग होतो, हेही आपल्याच देशाने दाखवले आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सची तिहेरी औषधे वर्षाला साडेतीनशे डॉलरला देऊ केली, तेव्हा मूळ कंपन्यांचा दर दहा हजारांच्या वर होता. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला जागतिक व्यापार संघटनेचा दोहा जाहीरनामा झाला आणि पेटंटपेक्षा लोकांचे आरोग्य वर, हे निदान कागदावर मान्य झाले. सिप्लाला ते जमले कारण १९७० चा आपला पेटंट कायदा औषधाच्या मूळ पदार्थावर पेटंट देत नव्हता. २००५ मध्ये कायदा बदलावा लागला, तरी संसदेने कलम ३(ड) ठेवले, म्हणजे जुन्या औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट मागता येणार नाही.

या कलमांची भाषा कोरडी असते. माझ्या खिडकीवर ती अशी यायची. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा एक तरुण होता, उसाच्या टोळीवर काम करायचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला महिनोन्महिने कानामायसिनची इंजेक्शने चालू होती. एके दिवशी मी खिडकीतून त्याचे नाव पुकारले. तो चार हातांवर बसलेला, मान खाली. मी पुन्हा पुकारले. शेजारच्याने त्याला कोपराने ढोसले तेव्हा तो उठला आणि हसला. त्याला ऐकू येईनासे झाले होते. त्या इंजेक्शनाचा हा दुष्परिणाम पुस्तकात लिहिलेला आहे. बेडाक्विलीन या क्षयावरच्या नव्या औषधाच्या गोळ्या तेव्हा महाग होत्या आणि मोजक्याच रुग्णांना मिळत. पुढे ज्या दोन बायकांनी बेडाक्विलीनच्या पेटंटची मुदत लांबवायला भारतात हरकत घेतली, त्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघींनीही क्षयाच्या औषधांपायी श्रवणशक्ती गमावलेली होती. मार्च २०२३ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. भारतीय कंपन्या उतरल्या आणि पुढच्या काळात जागतिक खरेदीचा दर निम्म्याच्याही खाली आला. जगातले चारातले एक क्षयरुग्ण आपले आहेत. आपल्याला या टेबलावर दुसऱ्या कोणाच्या वतीने बोलायची गरज नाही, आपण आपलेच बोलतो आहोत.

आता ती दुसरी विनंती, जी करायला मला एवढी पाने लागली. बाकीच्यांना जे बंधन घालायला सांगाल, ते आधी स्वतःला घालून घ्या.

२०२१ मध्ये निर्यात थांबवणारे आपण एकटे नव्हतो. युरोपीय संघाने जानेवारीच्या शेवटी निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि मार्चमध्ये इटलीने ऑस्ट्रेलियाला निघालेले अडीच लाख डोस अडवले. अमेरिकेच्या नियमांनी कच्चा माल अडकला, म्हणून सीरमच्या प्रमुखांना १६ एप्रिलला अमेरिकेच्या अध्यक्षांना जाहीर विनंती करावी लागली. श्रीमंत देशांनी लोकसंख्येच्या कित्येक पट मागणी आधीच नोंदवून ठेवली होती. या सगळ्यांपेक्षा आपण उजवेच होतो. २० जानेवारीला भूतान आणि मालदीवला पहिली लस पाठवली, आणि निर्यात थांबेपर्यंत साडेसहा कोटींहून अधिक डोस बाहेर दिले. हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. कोव्हॅक्सची सुरुवातीची मोठी भिस्त एका देशावर, त्यातही एका कारखान्यावर होती आणि त्या देशाने दार लावले. इटलीने दार लावले तर ऑस्ट्रेलियाला दुसरीकडे जाता आले. आपण दार लावले तेव्हा मलावीला जायला दुसरीकडे नव्हते.

कोणी म्हणेल, एप्रिल २०२१ मध्ये घरात प्रेते मोजत असताना बाहेर लस पाठवायची होती का? हा प्रश्न मला कोणी शिकवू नये. त्या महिन्यात मी माझ्या सख्ख्या दिराला ऑक्सिजनच्या खाटेसाठी तीन शहरांत फिरवले आहे. सगळी पाठवायची होती असे मी म्हणत नाही. पण शंभरातले पाच डोस, सात डोस, ठरवून, जाहीर करून चालू ठेवता आले असते, निदान बाहेरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांपुरते. आधी ठरलेले असते तर त्यावर रणकंदन झाले नसते. साथ भडकल्यावर कोणतेही सरकार उदार होऊ शकत नाही, लोक होऊ देत नाहीत. म्हणून उदारपणा शांततेच्या काळात कायद्यात लिहून ठेवायचा असतो. आमच्या गावी बलुत्याचे धान्य खळ्यावरच काढून ठेवत, घरी नेल्यावर नाही. घरात गेलेले धान्य बाहेर निघत नाही हे जुन्या माणसांना ठाऊक होते. (त्या बलुत्यात अन्याय भरपूर होता, तो मला परत नको आहे. माप कुठे काढायचे एवढेच त्यातून घ्यायचे.)

करारात लिहिले आहे की आणीबाणीतले व्यापारी निर्बंध नेमके, प्रमाणशीर, पारदर्शक आणि तात्पुरते असावेत. हे चारही शब्द मऊ आहेत, ज्याला हवे तसे वाकतात. भारताने पुढे होऊन म्हणावे की वीस टक्क्यांचा वाटा आमच्या कारखान्यांतून निघेल आणि आम्ही निर्यात रोखली तरी तो वाटा तिच्यातून वगळलेला असेल, आमच्याच कायद्याने. असे म्हणणारा लस उत्पादक देश टेबलावर असेल, तर युरोपला 'आम्हाला जमणार नाही' म्हणणे जड जाईल. आज आपण समतेची भाषा बोलतो तेव्हा समोरचा माणूस मनात एप्रिल २०२१ म्हणत असतो. त्याचे तोंड बंद करायचा मला दुसरा मार्ग दिसत नाही.

काँगोसारख्या देशाला याची किती गरज आहे ते गेल्या वर्षी दिसले. २०२२ मध्ये मंकीपॉक्स युरोप-अमेरिकेत गेला तेव्हा तिथे लस लगेच मिळाली. रोग ज्या देशात दशकानुदशके होता, त्या काँगोत पहिली खेप पोचायला सप्टेंबर २०२४ उजाडला. ज्याच्या रक्तातून नमुना गेला तो रांगेत शेवटी उभा होता.

घरचेही एक बोलते आणि थांबते. मे २०२२ मध्ये जिनिव्हातल्या त्याच सभेत दहा लाखांहून अधिक आशाताईंचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव झाला. आमच्या केंद्रातल्या आशांनी ती बातमी मोबाइलवर एकमेकींना दाखवली, फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामागणिक मोबदला मोजत बसल्या, कारण त्या आजही 'स्वयंसेविका' आहेत, कर्मचारी नाहीत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटले होते की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपीच्या) अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, म्हणजे ऐन साथीच्या वर्षी, तो १.८४ टक्के होता. साथ आधी आशाताईला कळते. तिला कळले आणि ती बोलली तरच जिनिव्हाला कळेल. व्हिएगसांना नगरपालिकेच्या समितीत खुर्ची होती, तरी त्यांचे ऐकायला वेळ गेला. आशाताईला बसायला आमच्या केंद्रात स्टूल होते.

शेवटची विनंती छोटी आहे. परिशिष्टाचा मसुदा आणि त्यावरची भारताची भूमिका मराठीत आणि इतर भारतीय भाषांत, सहीच्या आधी, लोकांपुढे ठेवा. पाच-सहा पाने पुरतील. करार आला की संघटना आपल्यावर टाळेबंदी लादेल, लस सक्तीची करेल अशा अफवा आमच्याकडे आताच फिरतात. असा कुठलाही अधिकार करार संघटनेला देत नाही असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे, पण ते मराठीत कुठे नसल्याने मला कोणाला दाखवता येत नाही. आपण छापलेत तर मी ते घेऊन आमच्या केंद्रात जाईन. औषधाच्या खोलीबाहेर, तापमानाच्या तक्त्याशेजारी, ते लावायला जागा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
जिल्हा अहिल्यानगर